गिटार मध्येच बंद पडते? पिकअप बदलण्याआधी स्विच तपासा. निवड आणि वायरिंग समजून घ्या

लग्नसराई, गणपती, नवरात्र, गावची जत्रा. ऑर्केस्ट्रावाल्यांचे हेच कमाईचे दिवस. कार्यक्रम रंगात आलेला असतो आणि लीड गिटारचा आवाज एकदम गप्प होतो. स्विचची दांडी जरा हलवली की परत येतो. दुसऱ्या दिवशी कुणीतरी सांगतं, ‘पिकअप जळाला, नवा टाका.’ खर्च हजारांत जातो.

खरं तर पिकअप जळण्याएवढा करंट गिटारमध्ये नसतोच. दांडी हलवल्यावर आवाज जात-येत असेल तर पहिला संशय सिलेक्टर स्विचवर घ्यावा. हा स्विच काहीशे रुपयांत मिळतो आणि ज्याला सोल्डरिंग जमतं तो घरी बसवू शकतो. फक्त स्विच कोणता घ्यायचा आणि कोणती वायर कुठे जाते, हे कळायला हवं.

पिकअप काय करतो, स्विच काय करतो?

पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर स्टीलची तार थरथरली की वेढ्यांत अगदी बारीक वीज तयार होते. ती केबलमधून अॅम्प्लिफायरला जाते, तिथे मोठी होते.

एका गिटारवर दोन किंवा तीन पिकअप असतात. ब्रिजजवळ, म्हणजे तार जिथे अडकवलेली असते तिथला पिकअप तीक्ष्ण, चरचरीत आवाज देतो. गिटारच्या मानेजवळचा आवाज गोल आणि भरीव येतो. तीन विहिरींचं पाणी एकाच पाइपलाइनला जोडलं आहे असं समजा. कोणत्या विहिरीचा व्हॉल्व्ह उघडायचा, हे सिलेक्टर स्विच ठरवतो.

स्विच खराब का होतो?

घरातल्या दिव्याच्या बटणातून 230 व्होल्ट जातात. पत्र्यावर थोडा गंज असला तरी वीज त्यातून वाट काढते. गिटारची वीज एका व्होल्टपेक्षाही कमी. स्विचच्या पत्र्यावर धुळीचा किंवा काळपटपणाचा पातळ थर बसला तरी ती अडते. मिरवणुकीतला गुलाल, मैदानातली धूळ आणि हाताचा घाम दांडीच्या फटीतून थेट आत जातो.

दांडी हलवताना फक्त खरखर येत असेल तर आधी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून दांडी वीस-पंचवीस वेळा मागेपुढे करा. खोबरेल, मशीनचं तेल, डिझेल असलं काही टाकू नका. तेलाला धूळ आणखी चिकटते.

दोष कुठे आहे? असं ओळखा

- सगळ्याच ठिकाणी आवाज नाही : आधी दुसरी केबल लावून बघा. मग जॅकची नट आणि जॅकला जोडलेल्या वायरी बघा. स्विचचा नंबर त्यानंतर.
- एकाच ठिकाणी आवाज नाही : अॅम्पचा आवाज कमी ठेवून त्या पिकअपवर स्क्रू ड्रायव्हरने हलकेच टकटक करा. अॅम्पमधून टक असा आवाज आला नाही तर तो पिकअप, त्याची वायर किंवा स्विचचा तेवढा पाय यात दोष आहे.
- दांडी दाबून धरली की आवाज येतो, सोडली की जातो : स्विचचे पत्रे ढिले झालेत. बदलावा.

मल्टिमीटर असेल तर काम आणखी सोपं. केबल गिटारला लावा, पण अॅम्पला लावू नका. व्हॉल्यूम पूर्ण ठेवा. मीटर 20 किलोओहमवर ठेवून केबलच्या पिनेचं टोक आणि तिची बाहेरची बाजू मोजा. साध्या सिंगल कॉइल पिकअपला साधारण 5 ते 8 किलोओहम दिसतात, दुहेरी वेढ्यांच्या हमबकरला 7 ते 16. दोन पिकअप एकत्र चालू असतील तर आकडा साधारण निम्म्यावर येतो. तिथे मीटर ‘1’ किंवा ‘ओएल’ दाखवत असेल तर जोड कुठेतरी तुटला आहे. वेगळा मोजल्यावर पिकअप बरोबर आकडा देत असेल तर तो शाबूत आहे. त्यावर पैसे घालू नका.

तीन ठिकाणांचा की पाच ठिकाणांचा?

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन इथे रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या लिओ फेंडर यांच्या कंपनीने 1954 साली स्ट्रॅटोकास्टर ही गिटार बाजारात आणली. तिला पिकअप तीन आणि स्विचही तीन ठिकाणांचाच, एका वेळी एक पिकअप. वाजवणाऱ्यांच्या लक्षात आलं की दांडी दोन ठिकाणांच्या मध्ये अडकवली की शेजारचे दोन पिकअप एकदम चालतात आणि वेगळाच आवाज मिळतो. पण जोरात वाजवताना दांडी सटकायची. शेवटी 1977 मध्ये कंपनीनेच पाच ठिकाणांचा स्विच द्यायला सुरुवात केली. आज आपल्याकडे दिसणाऱ्या तीन पिकअपच्या बहुतेक गिटारी याच नमुन्याच्या असतात.

तेव्हा तीन पिकअप असतील तर पाच ठिकाणांचा दांडीचा स्विच घ्या. दोन पिकअप असतील तर तीन ठिकाणांचा. यात दोन तऱ्हा आहेत : टेलिकास्टर नमुन्याला दांडीचा स्विच लागतो, गिब्सनच्या लेस पॉल नमुन्याला गोल भोकात बसणारा टॉगल.

दुकानात जाताना जुना स्विच बरोबर न्या

ऑनलाइन मागवताना नेमकी इथेच फसगत होते. नाव तेच, पण माप वेगळं. चार गोष्टी बघा :

1. खोली : उघड्या पत्र्यांचा अमेरिकन नमुन्याचा स्विच खोल असतो. पातळ गिटारमध्ये तो तळाला टेकतो. आधी पट्टीने खड्डा मोजा.
2. स्क्रू : अमेरिकन स्विचचे आटे इंचाचे, चीन-कोरियाच्या स्विचचे मिलिमीटरचे. एकाचा स्क्रू दुसऱ्यात जबरदस्तीने फिरवला तर आटे मरतात. टॉगलच्या नटचंही तसंच.
3. दांडीची जाडी : वरची प्लास्टिकची टोपी बसते का ते बघा.
4. पायांची रचना : उघड्या स्विचला दोन बाजूंना चार-चार पाय असतात, डबी स्विचला बहुधा एका ओळीत आठ. जोडणीचं तत्त्व एकच, जागा मात्र वेगळ्या.

वायरिंग : आधी फोटो, मग सोल्डर

केबल काढा, तारा सैल करा, वरची प्लेट उघडा आणि मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो घ्या. प्रत्येक वायरीला कागदी चिकटपट्टी लावून नाव लिहा.

आता नव्या स्विचचा ‘कॉमन’ पाय शोधा. आठ पायांच्या स्विचमध्ये चार-चारचे दोन गट असतात. मीटर बीपवर ठेवा. दांडी पाचही ठिकाणी फिरवली तरी गटातल्या कुठल्या ना कुठल्या पायाशी ज्याचा बीप वाजतोच, तो कॉमन. उरलेले तीन पाय तीन पिकअपचे.

एका गटाच्या तीन पायांना तीन पिकअपच्या गरम, म्हणजे आवाजाच्या वायरी जोडा. त्या गटाचा कॉमन व्हॉल्यूमच्या कडेच्या पायाला जातो. जुनी वायर ज्या पायाला होती त्याच पायाला लावा. व्हॉल्यूमच्या मधल्या पायावरून वायर जॅकच्या टोकाला जाते. दुसरा गट टोनच्या बटणांसाठी असतो. त्याचा कॉमन पहिल्या कॉमनला जोडतात आणि त्याच्या पायांवरून टोनच्या वायरी निघतात. पिकअपच्या उरलेल्या वायरी, म्हणजे अर्थिंग, व्हॉल्यूमच्या पाठीवर एकत्र येतात.

25 ते 40 वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरतं. पायावर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त उष्णता देऊ नका, डबीचं प्लास्टिक वितळतं. पत्र्याच्या डाखकामातलं अॅसिड वापरू नका, ते पाय खातं.

जोडल्यावर एकेक पिकअप ठणठणीत, पण दोन एकत्र केले की आवाज पोकळ आणि अगदीच बारीक येतो? मग त्यातला एक पिकअप उलटा जोडला गेला आहे. त्याच्या दोन वायरी अदलाबदल करा. त्याच्या धातूच्या झाकणाला अर्थिंगची वायर जोडलेली असेल तर ती वेगळी करून अर्थलाच ठेवावी लागते.

अर्थिंगशी खेळ नको

व्हॉल्यूमच्या पाठीवरून एक वायर ब्रिजखाली जाते आणि गिटारच्या तारांना अॅम्पच्या अर्थिंगशी जोडते. त्यामुळे गुंजारव कमी होतो. पण याचाच अर्थ असा की, अॅम्पच्या बॉडीत करंट उतरला आणि अर्थिंग तुटलेलं असेल तर तोच करंट तारांवर येतो. माइकच्या सिस्टिममध्ये दोष असेल तर उलट घडतं : माइकवर करंट आणि हातात अर्थ झालेल्या तारा. ओठ माइकला लागला की करंट थेट अंगातून जातो.

हे नुसतं भीती घालणं नाही. स्कॉटलंडच्या स्टोन द क्रोज बँडचे गिटारवादक लेस्ली हार्वे 1972 साली वेल्समधल्या स्वॉन्सी इथे, भर कार्यक्रमात, अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून विजेच्या धक्क्याने मरण पावले.

मोटारीला अर्थिंग नसेल तर काय होतं हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. स्टेजचंही तेच. अॅम्पची तिसरी पिन कापू नका, दोन पिनांचं अॅडॉप्टर लावू नका. अॅम्प आणि माइकची सिस्टिम अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डावर घ्या आणि त्यावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. जनरेटरवर कार्यक्रम असेल तर जनरेटरच्या अर्थिंगची खात्री आधी करून घ्या. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर गाणं तिथेच थांबवा, मेन स्विच बंद करा आणि वायरमन बघून जाईपर्यंत वाजवू नका.