पोत्यातली साल नेमकी कोणत्या झाडाची?

काष्ठौषधींच्या धंद्यातील कोणत्याही जुन्या अत्ताराला विचारा, तो सांगेल की खरा अशोक वेगळा आणि बंगल्यांच्या कुंपणाला सरळसोट वाढणारा आसोपालव वेगळा. पण साल वाळून, तुकडे होऊन पोत्यात आली की भल्याभल्यांची नजर फसते. ब्राह्मीच्या नावावर कुठे जलब्राह्मी मिळते, कुठे मंडूकपर्णी. यात दर वेळी लबाडीच असते असे आम्ही म्हणणार नाही. एका नावाच्या दोन वनस्पती असणे ही आपल्याकडची जुनी अडचण आहे. मात्र कारखान्याने माल परत केला की नुकसान दुकानदाराच्या माथी येते, आणि पेढीचे नाव जाते ते निराळेच.

हा तंटा सोडवणारा एक साक्षीदार खुद्द वनस्पतीतच आहे. पानाला हिरवा रंग देणाऱ्या हरितलवकात, पेशीच्या केंद्रकाहून वेगळा, स्वतःचा डीएनए असतो. तंबाखूच्या हरितलवकाचा संपूर्ण डीएनए जपानी शास्त्रज्ञांनी 1986 साली वाचून काढला. त्यात सुमारे 1 लाख 56 हजार अक्षरे निघाली. एका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात, म्हणून जुन्या, सुकलेल्या मालातही त्याचे तुकडे सापडतात. मुळाला नि सालीला हिरवा रंग कुठे, असे कोणी विचारील. तिथेही हरितलवकांचीच रंगहीन भावंडे असतात, आणि त्यांचा डीएनए तोच.

शुद्ध हरितलवक हवे असतील तर पाने ताजीच लागतात. रोप एक-दोन दिवस अंधारात ठेवतात, म्हणजे पानातला स्टार्च कमी होतो. मग बर्फाच्या थंडाव्यात पाने विशिष्ट द्रावणात वाटून मलमलीसारख्या कापडातून गाळतात. गाळलेला रस यंत्रात आधी हळू फिरवला की चोथा व केंद्रके तळाशी बसतात. वेग वाढवला की हरितलवक बसतात. त्यांच्या बाहेर चिकटलेला परका डीएनए एका एन्झाइमने नष्ट करतात, नंतर हरितलवक फोडतात आणि अल्कोहोल घातले की डीएनए वेगळा होतो.

पोत्यातल्या सुक्या मालाला हा थाट चालत नाही. तिथे भुकटी सीटॅब नावाच्या साबणासारख्या रसायनात सुमारे 65 अंशांवर ठेवून सगळाच डीएनए काढतात. कातडे कमावणाऱ्या आमच्या बांधवांना टॅनिन काय चीज आहे हे सांगायला नको. हिरडा, बाभूळ, अशोकाची साल यांतले तेच टॅनिन इथे डीएनएला धरून ठेवते नि द्रावण तपकिरी होते. ते शोषून घेण्यासाठी पीव्हीपी ही पूड घालतात. पुढे पीसीआर यंत्रात हरितलवकाचा ठरावीक तुकडा वाढवून वाचतात. ‘आरबीसीएल’ व ‘मॅटके’ हे दोन तुकडे 2009 साली जगभरच्या तज्ज्ञांनी वनस्पतींच्या ओळखीसाठी मुक्रर केले.

कोझिकोडच्या मसाला संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी 2014 साली अशाच पद्धतीने बाजारातील मिरीपुडीत मिरचीची भेसळ पकडली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा बाहेर काढला, तो प्रसंग आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे. राशीच्या आत पाहण्याचे हे आजचे साधन म्हणायचे.

पण या साधनाला मर्यादाही आहेत. डीएनए झाड सांगतो, झाडाचा भाग सांगत नाही. अश्वगंधाच्या मुळांच्या पुडीत तिचीच पाने मिसळली तर डीएनए गप्प बसेल. आयुष मंत्रालयाने 2021 साली पानांच्या वापराविरुद्ध सूचना काढली ती ध्यानात घेता ही बाब क्षुल्लक नाही. तिथे रासायनिक तपासणीच हवी. माल किती जुना, गुण किती उरला, हेही डीएनए सांगत नाही. अर्क नि काढ्यात तर तो बहुधा नष्टच झालेला असतो. 2015 साली न्यूयॉर्कमध्ये सरकारी वकिलांनी डीएनए तपासणीवरून मोठ्या दुकानांतला वनौषधींचा माल उचलायला लावला, तेव्हा अनेक तज्ज्ञांनी नेमका हाच आक्षेप घेतला होता.

तेव्हा प्रत्येक पोते प्रयोगशाळेत धाडा असे आम्ही सुचवत नाही. लहान दुकानाला तो खर्च झेपायचा नाही. मात्र मोठा सौदा करताना बिलावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव व भाग लिहून घ्यावा. मालाचा मूठभर नमुना दोघांच्या सहीने कोरड्या पाकिटात बंद करून तारखेसह ठेवावा. उद्या वाद उभा राहिलाच, तर तपासणीला पाठवायला ते पाकीट हाताशी असेल.