चॉकलेटची तीव्र इच्छा: शरीराची मागणी की मनाची सवय?

"डॉक्टर, पाळीच्या आधी मला चॉकलेट खाल्ल्याशिवाय राहवत नाही. मॅग्नेशियम कमी झालंय ना? गोळ्या लिहून द्या." दवाखान्यात असा प्रश्न नेहमी येतो. बहुतेकांनी हे उत्तर इंटरनेटवर वाचलेलं असतं. ते कितपत खरं आहे, ते पाहू.

वाचलेला दावा कसा तपासायचा?

विकिपीडिया या ऑनलाइन ज्ञानकोशातले लेख स्वयंसेवक संपादक लिहितात आणि तेच तपासतात. आरोग्यविषयक मजकुरासाठी इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांची नियमावली कडक आहे. एखाद्या सुट्या प्रयोगावर दावा उभा करायचा नाही. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा, वैद्यकीय संस्थांच्या मार्गदर्शक सूचना किंवा पाठ्यपुस्तक यांचा आधार घ्यायचा. उंदरांवर किंवा परीक्षानळीत जे दिसलं, ते माणसाला लागू आहे असं मानायचं नाही. हीच चाळणी चॉकलेटबद्दलच्या तीन दाव्यांना लावू.

दावा 1: मॅग्नेशियम कमी असल्यामुळे चॉकलेट हवंसं वाटतं

100 ग्रॅम डार्क चॉकलेटमध्ये सुमारे 230 मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं, हे खरं. पण बहुतेकांना हवं असतं ते मिल्क चॉकलेट, आणि त्यात ते फक्त 60 मिलिग्रॅमच्या आसपास असतं. शेंगदाण्यात याच्या दुपटीहून जास्त आणि तिळात त्याहूनही अधिक असतं. शरीर मॅग्नेशियम मागत असतं, तर तिळाच्या लाडवाची आठवण आधी यायला हवी होती. या इच्छेवरून कमतरतेचं निदान होत नाही. त्यामुळे तपासणीशिवाय गोळ्या सुरू करू नका, विशेषतः मूत्रपिंडाचा आजार असेल तर.

दावा 2: चॉकलेटमध्ये 'आनंदाची रसायने' असतात

फिनाइलइथिलअमाइन, आनंदमाइड ही नावं तुम्ही वाचली असतील. ती चॉकलेटमध्ये असतात, पण अत्यल्प प्रमाणात, आणि त्यांतला बराचसा भाग मेंदूपर्यंत पोहोचण्याआधीच शरीरात मोडला जातो.

1994 मध्ये अमेरिकेतील मिचनर आणि रोझिन या संशोधकांनी एक सोपा प्रयोग केला. चॉकलेटची इच्छा झाली की सहभागींना कधी मिल्क चॉकलेट, कधी कोको नसलेलं पांढरं चॉकलेट, तर कधी कोकोची कॅप्सूल दिली. कॅप्सूलमध्ये कोकोतली रसायनं होती, तरी तिने इच्छा शमली नाही. पांढऱ्या चॉकलेटने ती काही प्रमाणात शमली, मिल्क चॉकलेटने सर्वांत जास्त. म्हणजे हवी असते ती चव, वास आणि तोंडात विरघळण्याचा अनुभव. प्रयोग लहान होता, पण औषधी परिणामाचा दावा त्यात टिकला नाही.

दावा 3: पाळीच्या हार्मोन्समुळे ही इच्छा होते

पाळीच्या आधी भूक आणि मनःस्थिती बदलू शकते. पण सगळं फक्त हार्मोन्समुळे होत असतं, तर जगभरच्या स्त्रियांना सारखंच वाटलं असतं. तसं दिसत नाही. अमेरिकेत 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, अमेरिकेत जन्मलेल्या आणि आईवडीलही तिथेच जन्मलेल्या तरुणींपैकी सुमारे 33 टक्के, तर परदेशात जन्मलेल्यांपैकी सुमारे 17 टक्के तरुणींनी पाळीच्या सुमारास चॉकलेटची इच्छा होते असं सांगितलं. आपल्याकडे डोहाळे म्हटलं की चिंच, आवळा, कैरी आठवते. आपण कशाची इच्छा धरतो, हे बऱ्याच अंशी आपण शिकलेलं असतं.

मग ही इच्छा येते कुठून?

साखर आणि चरबी एकत्र असलेला पदार्थ मेंदूला सुखद वाटतो. तो ठरावीक वेळी, थकवा किंवा ताण असताना खाल्ला, की ती वेळ आणि तो पदार्थ यांची गाठ पडते. मीरा रोड किंवा भाईंदरहून चर्चगेटला जाणाऱ्यांचं उदाहरण घ्या. दुपारी एकला डबा खाल्ला आणि घरी पोहोचायला साडेआठ वाजले, तर मधल्या साडेसात तासांच्या उपाशीपोटी स्टेशनबाहेरचं चॉकलेट खुणावणारच. यात इच्छाशक्ती कमी असण्याचा प्रश्न नाही.

काय करता येईल?

- संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास चणे-शेंगदाणे, फळ किंवा उकडलेलं अंडं खा.
- चॉकलेट पूर्ण बंद केलं की अनेकांची इच्छा उलट वाढते. खायचंच तर जेवणानंतर, एक-दोन तुकडे. उपाशीपोटी खाण्याची सवय इच्छा बळकट करते.
- इच्छा झाली की 15 मिनिटं भरभर चाला. तेवढ्यात तिचा जोर बऱ्याचदा ओसरतो.
- पाकिटावरची साखर वाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार प्रौढाने बाहेरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवावी. 50 ग्रॅमच्या मिल्क चॉकलेटमध्येच साधारण तेवढी असते.

डॉक्टरांना कधी भेटावे?

- बर्फ, माती, खडू किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटत असतील: ही लोहाच्या कमतरतेची खूण असू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-5 नुसार देशातील 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन तपासून घ्या.
- खूप तहान, वारंवार लघवी, वजन घटणे: रक्तातील साखर तपासा.
- मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन चालू असताना घाम, थरथर, धडधड आणि गोड खाण्याची घाई: साखर 70 च्या खाली गेलेली असू शकते. अशा वेळी चॉकलेट देऊ नका. त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडातून काहीही न देता तातडीने रुग्णालयात न्या.
- लपून, ताबा सुटून खाणे आणि नंतर अपराधी वाटणे, किंवा पाळीआधी दर महिन्याला तीव्र उदासी: यावर उपचार आहेत. टेलि-मानसच्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

घरात कुणाला सारखं चॉकलेट हवं असेल, तर रागावू नका आणि परस्पर गोळ्याही आणू नका. आठवडाभर एका वहीत लिहायला सांगा: इच्छा किती वाजता झाली, शेवटचं खाणं कधी झालं होतं, मन कसं होतं, झोप किती झाली. कारण बहुतेक वेळा त्या नोंदीतच सापडतं. डॉक्टरांकडे जाताना ती वही सोबत न्या.