निवृत्तांनो, कराचं गणित असं मांडा
(आर्थिक वर्ष २०२५-२६चे नियम)

लालबाग-परळच्या गिरणी कामगाराची ईपीएस-९५ पेन्शन असो की दादर-गिरगावच्या बँक कर्मचाऱ्याची, प्राप्तिकरासाठी दोन्ही पगारातच मोजल्या जातात.

▪ नवी करप्रणाली : पेन्शनमधून ७५ हजारांची प्रमाणित वजावट. त्यानंतर करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल, तर कर शून्य. मात्र शेअर विक्रीच्या नफ्यावरील विशेष दराच्या कराला ही सवलत लागू नाही.

▪ जुनी करप्रणाली : साठीनंतर ३ लाख, ऐंशीनंतर ५ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त. ठेवींच्या व्याजावर ५० हजारांपर्यंत आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर ५० हजारांपर्यंत वजावट.

▪ कुटुंब निवृत्तिवेतन : पतीमागे पत्नीला मिळणारी पेन्शन 'इतर उत्पन्ना'त येते. नव्या प्रणालीत तिचा एक तृतीयांश भाग किंवा २५ हजार, यांपैकी कमी रक्कम वजा होते.

▪ व्याज : ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं व्याज करपात्र; पीपीएफचं करमुक्त.

▪ टीडीएस : ज्येष्ठांना एका बँकेकडून वर्षाला १ लाखापर्यंत व्याज मिळालं तर कपात नाही. त्याहून जास्त व्याज असूनही एकूण कर शून्य येत असेल, तर वर्षाच्या सुरुवातीलाच १५एच फॉर्म द्या. कपात झालीच, तर विवरणपत्र भरून परतावा मागा. तो तुमच्या हक्काचा पैसा आहे.

▪ आगाऊ कर : व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठांना माफ.

व्यवसाय नसेल तर प्रणाली दरवर्षी बदलता येते. म्हणून विवरणपत्र मुदतीत भरा आणि त्याआधी दोन्ही प्रणालींचे आकडे कागदावर मांडून पाहा.