डेस्कटॉप थीम

डेस्कटॉप थीम म्हणजे संगणकाच्या संचालन प्रणालीचे दृश्य रूप ठरवणारा घटकांचा संच होय. वॉलपेपर, रंगसंगती, खिडक्यांच्या चौकटी, चिन्हे, माउसचा दर्शक, ध्वनी आणि फाँट (टंक) हे त्याचे प्रमुख घटक आहेत. थीम बदलल्याने संगणकाचे काम बदलत नाही. मात्र पडद्यावरील मजकूर किती सहज वाचता येतो, हे बऱ्याच अंशी थीमवर अवलंबून असते. मराठीसारख्या देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या भाषांच्या बाबतीत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो.

इतिहास

विंडोज ९५ सोबत १९९५ मध्ये स्वतंत्रपणे विकल्या गेलेल्या 'प्लस!' या संचात वॉलपेपर, दर्शक आणि ध्वनी एकत्र बांधलेल्या थीम होत्या. २००१ मधील विंडोज एक्सपीत खिडक्या व बटणांचे रूपही थीमच्या कक्षेत आले. परंतु मायक्रोसॉफ्टची अंकीय स्वाक्षरी असलेल्या शैलीच ही प्रणाली स्वीकारत असे. त्यामुळे स्वतःच्या शैली वापरू इच्छिणारे हौशी लोक प्रणालीची मूळ फाईल बदलून हा निर्बंध ओलांडत. लिनक्समध्ये असा अडसर नव्हता. तेथे वापरकर्त्याच्या घर-फोल्डरातील ठराविक जागी थीमच्या फाईल ठेवल्या की त्या निवडता येतात. जीटीके ३ या आवृत्तीपासून जीटीके-थीम सीएसएस भाषेत लिहिल्या जातात. संकेतस्थळांच्या सजावटीसाठीही हीच भाषा वापरली जात असल्याने विद्यार्थ्यांना थीम तयार करणे तुलनेने सोपे झाले आहे.

देवनागरी आणि थीम

रोमन अक्षरांच्या मापाने आखलेली थीम देवनागरीला अपुरी पडू शकते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार व रफार येतात, तर अक्षराखाली उकार, ऋकार आणि पायमोड. 'मूर्तींची' या एकाच शब्दात 'म'खाली दीर्घ उकार आहे आणि 'त'वर वेलांटी, रफार व अनुस्वार अशी तीन चिन्हे एकत्र आली आहेत. बटणाची किंवा यादीतील ओळीची उंची ठराविक बिंदूंत बांधून टाकली, तर ही चिन्हे कापली जातात. 'मंद'मधील अनुस्वार गेला की 'मद' उरतो. म्हणजे केवळ सौंदर्य नव्हे, तर अर्थही बिघडतो. म्हणून उंची फाँटच्या मापावरून ठरू देणे आणि थीम पूर्ण करण्यापूर्वी ती मराठी मजकुरावर तपासणे आवश्यक असते.

दुसरा मुद्दा अक्षरांच्या वळणाचा आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ही रूपे प्रमाण मानली. युनिकोडमध्ये मराठी व हिंदी 'ल'साठी एकच संकेतांक आहे. त्यामुळे कोणते रूप दिसेल हे फाँट ठरवतो. भाषा मराठी निवडल्यास मराठी रूप दाखवण्याची सोय ओपनटाइप फाँटमध्ये करता येते.

रंगसंगतीचाही वाचनाशी संबंध आहे. मजकूर आणि पार्श्वभूमी यांतील तेजाचे गुणोत्तर सर्वसाधारण आकाराच्या अक्षरांसाठी किमान ४.५ : १ असावे, असे वेब-सुगम्यतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. थीम तयार करतानाही हे प्रमाण उपयोगी पडते.

मंगल आणि लोहित

थीममधील देवनागरी फाँटचा इतिहास महाराष्ट्राशी जोडलेला आहे. विंडोज २००० पासून उपलब्ध असलेला 'मंगल' हा फाँट सुलेखनकार व अक्षररचनाकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी घडवला. ते मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अध्यापक होते. विंडोज ८ पासून भारतीय लिप्यांसाठी 'निर्मला यूआय' हा फाँट वापरात आला.

लिनक्समध्ये दीर्घकाळ प्रचलित असलेली 'लोहित' ही फाँटमाला रेड हॅट कंपनीने उपलब्ध करून दिली. तिचे मूळ फाँट 'श्रीलिपी'मुळे परिचित असलेल्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीने पुरवले होते. आरंभी ही माला जीपीएल परवान्याखाली होती; सप्टेंबर २०११ मध्ये ती मुक्त फाँट परवान्याखाली आणण्यात आली.

थीम वाटणाऱ्याच्या दृष्टीने या दोन फाँटमधील मुख्य फरक परवान्याचा आहे. मंगल विंडोजच्या परवान्याशी बांधलेला असल्याने त्याची फाईल थीमसोबत वाटता येत नाही. लोहितची फाईल परवान्याचा मजकूर जोडून वाटता येते.

वितरण

थीमच्या प्रत्येक घटकाला स्वतंत्र परवाना असू शकतो. रायगडाचे किंवा वारीचे सुंदर छायाचित्र महाजालावर सापडले, म्हणजे ते वाटण्यास मोकळे असते असे नाही. विकिमीडिया कॉमन्सवरील छायाचित्र वापरतानाही, परवान्यात तशी अट असेल तर छायाचित्रकाराचा नामोल्लेख करावा लागतो. त्यामुळे थीमसोबत कर्त्याचे नाव, प्रत्येक घटकाचा परवाना आणि ती कोणत्या आवृत्तीवर तपासली आहे याची नोंद देण्याचा प्रघात आहे.

सुरक्षितता

थीम ही केवळ चित्रांची पेटी असते, हा समज नेहमीच खरा नसतो. केडीई प्लाझ्माच्या 'ग्लोबल थीम'मध्ये चालवता येणाऱ्या आज्ञाही असू शकतात. मार्च २०२४ मध्ये अशीच एक थीम बसवल्यावर तिच्यातील सदोष आज्ञेमुळे एका वापरकर्त्याच्या वैयक्तिक फाईल पुसल्या गेल्या. त्यानंतर केडीईने वापरकर्त्यांना सावधगिरीचा इशारा दिला. तेव्हा अनोळखी थीम बसवण्यापूर्वी महत्त्वाच्या फाईलींची प्रत दुसरीकडे ठेवणे आणि केवळ रंग व वॉलपेपर बदलायचे असल्यास तेवढेच घटक घेणे हिताचे ठरते.