बंबात पाणी किती, त्यावर जळण किती



थंडी पडली की बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांत माळ्यावरचे तांब्याचे बंब खाली येतात. लाकडाऐवजी भुश्याच्या दाबलेल्या गोळ्या, म्हणजे पेलेट, आणाव्यात का असं काही जण विचारतात. आणा की. पण आधी बंबात पाणी किती तापवता ते बघा, खरी बचत तिथे आहे.

1 लिटर पाणी 1 अंशाने तापवायला 1 किलोकॅलरी उष्णता लागते. समजा नळाचं पाणी 20 अंश आहे आणि दोघांच्या आंघोळीला 40 अंशाचं 40 लिटर पाणी हवंय. म्हणजे 800 किलोकॅलरी. 1 किलो पेलेटमधून साधारण 4000 मिळतात, म्हणजे 200 ग्रॅम पुरायला हवेत. बंबात निम्मी उष्णता चिमणीतून गेली असं धरलं तर 400 ग्रॅम.

आता 40 लिटरचा बंब भरून 60 अंशापर्यंत तापवला तर 1600 किलोकॅलरी लागतात, जळण 800 ग्रॅम. दोघांनी त्यातलं 20 लिटर घेऊन गार पाण्यात मिसळलं, की उरलेलं अर्धं दुपारपर्यंत निवून जातं. रोज 400 ग्रॅम वाया, महिन्याला 12 किलो!

मग बंब अर्धाच भरायचा का? अजिबात नाही. पाण्याच्या वर जी नळी कोरडी राहते, तिची उष्णता पाण्याला मिळत नाही, आणि जास्त तापून सांधे सुटले की बंब गळायला लागतो. घरात दोन माणसं असतील तर 20 लिटरचाच बंब घ्यावा. मोठं कुटुंब असेल तर सगळ्यांनी लागोपाठ आंघोळी उरकाव्यात, काढलं तेवढं गार पाणी वरून ओतत जावं.

ऑस्ट्रिया, स्वीडनकडे घरं उबदार ठेवायला पेलेटचे बॉयलर असतात. तिथली अडचण उलटी. बॉयलरमध्ये पाणी थोडं असलं की ते झटकन तापतं, आग बंद होते, पुन्हा पेटते, आणि दर पेटण्याला धूर होऊन जळण वाया जातं. म्हणून शेजारी जाड आवरणाची मोठी टाकी जोडतात आणि एकदाच नीट जाळून उष्णता तिच्यात साठवतात. आपल्या बंबाला आवरण नसतं, तेव्हा जास्त पाणी तापवून ठेवण्यात आपला काही फायदा नाही.

जळणाचं म्हणाल तर ते कोरडं हवं. चांगल्या पेलेटमध्ये ओल 10 टक्क्यांच्या आत असते. ओल्या लाकडात 40 टक्के पाणी असेल तर 1 किलोत लाकूड 600 ग्रॅमच, शिवाय ते पाणी वाफ होऊन जायला 250 किलोकॅलरी खाते. गुजरातेत शेंगांच्या टरफलांचे, भुश्याचे ठोकळे ‘व्हाइट कोल’ म्हणून मिळतात, तेही चालतात, फक्त फोडून घाला. पेलेट मात्र ठासून भरू नका. खालून वारा मिळाला नाही तर नुसती धुमसतात, आणि जाळी मोठी असेल तर न जळताच राखेत पडतात.

बोअरचं पाणी वापरत असाल तर आतल्या नळीवर क्षारांचा थर बसतो, मग तेवढंच पाणी तापायला वेळ लागतो. हंगामाच्या सुरुवातीला तो काढून घ्या.

आणि बंब पेटवायचा तो अंगणात किंवा मोकळ्या गॅलरीत. बंद न्हाणीघरात धुमसत्या जळणाचा कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, माणूस आंघोळ करता करताच बेशुद्ध पडतो.