हातातला क्लच पायात!

सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या एका मेस्त्रींनी मुलाच्या हौसेखातर भंगारातलं सामान जोडून छोटीशी जीप बनवली. खर्च साधारण ६०,००० रुपये. ती सुरू कशी व्हायची माहितीये? मोटारसायकलसारखी किक मारून! डिसेंबर २०२१मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं. पुढच्याच महिन्यात त्या जीपच्या बदल्यात मेस्त्रींना त्यांच्याकडून नवी बोलेरो गाडी मिळाली.

कोल्हापुरातही लेथ, वेल्डिंग आणि फाउंड्रीत रमणारी माणसं काय कमी आहेत? इंजिनिअरिंगची पोरं तर स्पर्धेसाठी छोट्या गाड्या बांधतात आणि त्यांत बऱ्याचदा मोटारसायकलचंच इंजिन बसवतात. पण मोटारसायकलचा क्लच असतो हातात, गाडीचा पायात. मग जमवायचं कसं?

आधी क्लच लागतो कशाला ते बघू. सिग्नलला गाडी उभी असते. चाकाच्या फेऱ्या शून्य, इंजिनच्या मात्र मिनिटाला सुमारे १,४००! दोघांना एकदम जोडलं, तर गाडी हिसका देऊन बंद पडेल. म्हणून त्यांची गाठ हळूहळू घालून द्यावी लागते. ते काम क्लचचं.

मोटारसायकलच्या क्लचमध्ये दोन प्रकारच्या गोल प्लेटा एकाआड एक बसवलेल्या असतात. एका प्रकारच्या इंजिनबरोबर फिरतात, दुसऱ्या गिअरबॉक्सला फिरवतात. स्प्रिंगा त्यांना घट्ट दाबून धरतात. लिव्हर ओढला, की दाब सुटतो आणि प्लेटा एकमेकींवरून घसरतात.

पण इतक्या प्लेटा कशाला? करून बघा. टेबलावर एक कागद ठेवा, त्यावर जाड पुस्तक ठेवा आणि कागद ओढा. सहज निघेल. आता तुमचे पाच आणि मित्राचे पाच कागद एकाआड एक रचा, वर तेच पुस्तक ठेवा आणि दोघं दोन बाजूंनी ओढा. बघा किती जोर लागतो! वजन तेवढंच, पण ते प्रत्येक कागदाला दाबतं, म्हणून घर्षणाच्या जागा वाढतात. त्यामुळेच एवढासा क्लच इंजिनची ताकद पेलतो.

आता तो पायात आणू. लिव्हरच्या जागी पेडल आणि तिथून इंजिनपर्यंत लांब क्लच वायर. वायरला तीव्र वळण नको, नाहीतर ती अडकते. बाहेरचं कव्हर दोन्ही टोकांना पक्कं धरलेलं हवं, तरच आतली तार सरकते. वायरमध्ये थोडी ढील ठेवायची. ती नसेल, तर प्लेटा पूर्ण दाबल्याच जात नाहीत, सतत घसरतात आणि जळतात. शिवाय पायात बोटांपेक्षा कितीतरी जास्त जोर! तो वायर तोडू नये म्हणून पेडलखाली बोल्टचा अडथळा लावायचा.

गाडी मोटारसायकलपेक्षा जड असते, म्हणून निघताना प्लेटा जास्त वेळ घासतात आणि तापतात. ही उष्णता इंजिन ऑईल वाहून नेतं. मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, मोठं बसवलं, की चाकाला जोर मिळतो आणि क्लचवरचा ताण कमी होतो. मात्र अशी गाडी नोंदणीशिवाय रस्त्यावर आणता येत नाही बरं का!

आता एक कोडं तुमच्यासाठी. मोटारसायकलला सहसा रिव्हर्स गिअर नसतोच. मग तिचं इंजिन बसवलेली गाडी मागे कशी न्याल? वहीत चित्र काढा आणि ओळखीच्या मेस्त्रींना दाखवा!