चिनी शिकायची आहे?

चिनी शिकवणारं शांतिनिकेतनातलं चीना भवन १९३७ पासूनचं. दिल्लीच्या जेएनयूतही बारावीनंतर चिनीच्या बीएला प्रवेश मिळतो. पहिलं वर्ष कस पाहणारं. मँडरिनचे, म्हणजे प्रमाण चिनीचे, चार सूर, त्यातला एक चुकला की अर्थच बदलतो. अक्षरं तर रेघांच्या ठरलेल्या क्रमानं रोज गिरवावीच लागतात, त्याला पर्याय नाही.

पुढे कामं मिळतात ती अशी: कारखान्यात चिनी यंत्र बसवताना तिकडच्या इंजिनिअरशेजारी उभा राहून प्रत्येक सूचना फोरमनपर्यंत पोचवणारा दुभाषी, करारांचे अनुवाद, अध्यापन. परराष्ट्र सेवेतल्या काही अधिकाऱ्यांनाही ही भाषा शिकायला दिली जाते. जोडीला वाणिज्य, कायदा किंवा अभियांत्रिकी असेल, तर मागणी नक्कीच वाढते. एचएसके या चिनीच्या प्रमाणित परीक्षेची तयारी मात्र पहिल्या वर्षापासूनच सुरू करा.